रीसेट केला की पंधरा दिवस बरा, मग पुन्हा तेच: जुन्या अँड्रॉइड फोनचं दुखणं शोधताना

आईचा फोन २०१६चा आहे. ५.२ इंची स्क्रीन, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, ३,००० एमएएचची बॅटरी, धातूची बंद पाठ, आणि अपडेट येत येत अँड्रॉइड ७.०वर थांबलेला. तक्रारी दोनच, पण रोजच्या. बॅटरी चाळीस टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडायचा. आणि चालू असायचा तेव्हा इतका अडखळायचा की कुणाला फोन लावायचा तर कॉन्टॅक्ट्स उघडेपर्यंत तिचा अंगठा तसाच वर धरलेला असायचा. मी घड्याळ लावून मोजलं: एकदा सात सेकंद, एकदा अकरा.

वर्षभरात मी हा फोन तीनदा फॅक्टरी रीसेट केला. दर वेळी पहिले काही दिवस फोन नव्यासारखा पळायचा. दहा-बारा दिवसांनी अडखळणं सुरू व्हायचं आणि पंधरवडा उलटला की परत पहिले पाढे पंचावन्न. अचानक बंद पडणं मात्र रीसेटनंतर दुसऱ्याच दिवशी हजर असायचं, आणि माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. चौथ्यांदा रीसेट करायला बसलो तेव्हा आई म्हणाली, "अरे, दर वेळी माझे फोटो इकडेतिकडे होतात, नंबर शोधत बसावं लागतं, आणि फोन तसाच राहतो. त्याला झालंय काय ते आधी बघ ना."

त्या दिवशी रीसेट केला नाही. त्यानंतर जे केलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण असा फोन घराघरांत असतो आणि 'जुना झाला, आता असाच चालणार' म्हणून तो बाजूला टाकला जातो. बऱ्याचदा त्याचे एक-दोन भागच थकलेले असतात, बाकी फोन ठणठणीत असतो. कोणता भाग थकला आहे हे मोजून पाहता येतं, आणि त्यासाठी फार काही लागत नाही.

रीसेटने बरं का वाटतं

रीसेटने तीन गोष्टी होतात. स्टोरेज मोकळं होतं. पाठीमागे गुपचूप चालणारी अ‍ॅप्स जातात. आणि फोनसोबत आलेली अ‍ॅप्स पुन्हा मूळ, जुन्या, हलक्या आवृत्तीवर येतात. मग प्ले स्टोअर एकेक करून सगळी अपडेट उतरवतं, गूगल प्ले सर्व्हिसेस पुन्हा फुगते, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप परत येतो, आणि पंधरा दिवसांत आपण जिथून निघालो तिथेच येऊन पोचतो. फोन बरा होत नाही, त्याच्यावरचं ओझं काही दिवस उतरतं, एवढंच. थकलेल्या बॅटरीवर तर रीसेटचा काडीचाही परिणाम होत नाही.

तरीही रीसेट करायचाच असेल तर आधी फोनमधल्या गूगल खात्याचा पासवर्ड नक्की आठवतो आहे ना हे तपासा. अँड्रॉइड ५.१पासून चोरीविरोधी कुलूप आलं आहे. रिकव्हरीमधून, म्हणजे सेटिंग्जऐवजी बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून, रीसेट केलेला फोन सुरू होताना आधीचंच खातं मागतो, आणि ते देता आलं नाही तर फोन तिथेच अडतो.

चार दिवसांची वही

अडखळणं आणि बंद पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत हे मला वहीमुळे कळलं. चार दिवस आईच्या शेजारी एक छोटी वही ठेवली. फोनने त्रास दिला की पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, बॅटरीचे टक्के, त्या क्षणी काय उघडत होती, चार्जर लावलेला होता का, आणि पाठ गरम लागत होती का. आईने चोख नोंदी केल्या.

चार दिवसांत फोन सहा वेळा बंद पडला होता. पाच वेळा कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉल चालू असताना, एकदा टॉर्च लावून बोलताना. चार्जर लावलेला असताना एकदाही नाही. अडखळण्याच्या नोंदी मात्र चार्जरसोबतही होत्या, चार्जरशिवायही होत्या, आणि बहुतेक संध्याकाळी वायफाय जोडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या. एवढ्या नोंदींवरून दिशा मिळाली. तुमचा फोन वेगळा असेल, पण वहीपासूनच सुरुवात करा. 'सारखा हँग होतो' या तक्रारीवर इलाज करता येत नाही. 'कॅमेरा उघडला की ३८ टक्क्यांवर बंद पडतो' या तक्रारीवर करता येतो.

आधी बंद पडणं

पहिली चाचणी चार्जरची. ज्या कामात फोन बंद पडतो तेच काम चार्जर लावून करा: कॅमेरा, फ्लॅश, व्हिडिओ, जे असेल ते. चार्जर लावला असताना फोन तग धरतो आणि काढला की पडतो, असं तीन-चार वेळा झालं तर दोष बॅटरीचा समजा.

दुसरी खूण याहून बोलकी आहे. फोन बंद पडल्यावर लगेच चार्जर लावा आणि पडद्यावर येणारा पहिला आकडा पाहा. बॅटरी खरोखर संपली असेल तर एक-दोन टक्के दिसतील. आईच्या फोनवर ३४ दिसायचे. म्हणजे आत ऊर्जा होती, पण हवी तेव्हा हव्या त्या जोराने बाहेर येत नव्हती.

हे असं का होतं ते समजून घेणं महत्त्वाचं आहे, नाहीतर माणूस अ‍ॅपं काढत बसतो. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण ४.२ ते ४.४ व्होल्ट देते आणि रिकामी होताना खाली येते. साधारण ३.३ व्होल्टच्या आसपास पोचली की फोन स्वतःच्या संरक्षणासाठी बंद होतो. बॅटरी म्हातारी होते तसा तिचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला अडथळा, वाढतो. समजा तो ०.३ ओहम झाला आहे. फोन नुसता हातात असताना तो फारसा प्रवाह ओढत नाही, त्यामुळे काही जाणवत नाही. पण कॅमेरा, फ्लॅश आणि प्रोसेसर एकदम जागे झाले आणि दीड अँपिअर प्रवाह लागला, तर ०.३ गुणिले १.५, म्हणजे ०.४५ व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतात. ३.७८वर असलेली बॅटरी क्षणात ३.३३वर येते. टक्क्यांचा आकडा चाळीसच राहतो, पण फोनला लागणारा दाब उरत नाही. थंडीत रोध आणखी वाढतो, म्हणून गार हवेत असे फोन पन्नास टक्क्यांवरही मान टाकतात.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारं एक साधं अ‍ॅप टाकलं. काही फोनांत डायलरवर *#*#४६३६#*#* टाकलं की बॅटरीची माहिती तशीही उघडते, पण सगळ्या फोनांत हा कोड चालत नाही. फोन टेबलावर ठेवला, ३८ टक्के, ३.७८ व्होल्ट. यूट्यूब लावलं, ३.६६. ते बंद केलं, दोन मिनिटांत पुन्हा ३.७५च्या वर. मग कॅमेरा उघडला. आकडा ३.५१ झाला, मी व्हिडिओसाठी टॉर्च चालू केला, आणि पुढचा आकडा दिसायच्या आत पडदा काळा. आई शेजारीच बसली होती. "बघितलंस? असंच करतो," म्हणाली.

'बॅटरी कॅलिब्रेट' करणाऱ्या अ‍ॅप्सच्या नादी लागू नका. ती सहसा जी फाइल पुसतात तिच्यात कोणत्या अ‍ॅपने किती बॅटरी खाल्ली याचा हिशेब असतो, बॅटरीच्या तब्येतीशी तिचा संबंध नाही. तसंच 'एकदा पूर्ण शून्यावर नेऊन मग शंभर करा' हा सल्लाही थकलेल्या बॅटरीचं नुकसानच करतो. आतला रोध रसायनातून आलेला असतो, सॉफ्टवेअरमधून तो कमी करता येत नाही.

चार्जर लावूनही फोन बंद पडत असेल किंवा आपोआप रीस्टार्ट होत असेल तर पॉवरचं बटण तपासा. वर्षानुवर्षांच्या दाबण्याने ते आत बसून राहतं आणि फोनला वाटतं कुणी ते दाबून धरलं आहे. कव्हर काढा, बटणाच्या कडेने नख फिरवा, ते टचकन वर येतं का पाहा. कधीकधी कव्हरच बटण दाबत असतं. चार्जिंग तुटत असेल तर केबल लावायच्या छिद्रात साठलेला कापसासारखा मळ हे सर्वांत साधं कारण. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा, सुई किंवा पिन आत घालू नका. मायक्रो यूएसबीच्या पिनच्या खाली दोन बारीक हूक असतात, पिनला धरून ठेवणारे. ते झिजले की पिन सैल बसते आणि मग केबल बदलल्यावर अनेकदा काम होतं, कारण ते हूक केबलच्या बाजूला असतात. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, झीज फोनऐवजी केबलच्या वाट्याला यावी म्हणून.

बॅटरी फुगलेली आहे का हे आधी पाहा, बाकी सगळं नंतर. फोन सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्याला हलका टिचका द्या. भिंगरीसारखा फिरला तर पाठ फुगली आहे. स्क्रीनच्या कडेला फट पडली असेल, एका बाजूने उजेड दिसत असेल, तर तेही तेच. असा फोन चार्ज करू नका, दाबून सरळ करायला जाऊ नका, उशीखाली किंवा खिशात ठेवू नका. आत वायू साठलेला असतो, आणि पिशवी फुटली तर आग लागू शकते. बंद करून लवकरात लवकर जाणकाराकडे द्या.

बॅटरी बदलणं, म्हणजे फोनच्या घडणीशी गाठ

फोनच्या घडणीचं मोल कळतं ते तो दुरुस्त करायची वेळ येते तेव्हा. आईच्या फोनच्याही आधीच्या फोनांत पाठीला एक खाच असायची, नख घातलं की झाकण निघायचं, बॅटरी हातात यायची. आईच्या फोनपर्यंत येता येता पाठ बंद झाली होती. फोन सडपातळ झाला, हातात छान बसायला लागला, आणि त्याची सर्वांत लवकर झिजणारी वस्तू आत बंदिस्त झाली. भरणं आणि संपणं मिळून एक फेरी, अशा साधारण पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी अशा हिशेबाने त्या काळच्या बॅटऱ्या बनत होत्या. रोज एक फेरी धरली तर दोन वर्षंही होत नाहीत. फोनच्या बाकीच्या अंगात सात-आठ वर्षांचा दम असताना हा हिशेब मला मान्य होण्यासारखा वाटत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून नव्या फोनांना ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमतेची अट घातली आहे ती मला म्हणूनच योग्य वाटते.

आमचा फोन दुरुस्ती करणाऱ्याने उघडला तेव्हा मी समोर बसून पाहिलं. चार्जिंगच्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक स्क्रू, ते काढल्यावर धातूची पाठ आतल्या चिमट्यांवर अडकलेली. त्याने प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवत एकेक चिमटा सोडवला. मग पाठ बोटभरच उचलली आणि थांबला. आत पाठीला चिकटलेल्या बोटांच्या ठशाच्या सेन्सरपासून एक चपटी, कागदासारखी पट्टी मुख्य बोर्डापर्यंत गेलेली होती. ती आधी सोडवली, मग पाठ पूर्ण बाजूला केली. घाईने पाठ ओढली असती तर ती पट्टी फाटली असती आणि बॅटरी नवी मिळूनही ठसा कायमचा गेला असता. घरी उघडणाऱ्यांचं सर्वाधिक नुकसान इथेच होतं. काचेची पाठ असलेल्या फोनांत याऐवजी गोंद असतो, तो गरम करून सैल करावा लागतो, आणि काच तडकायची भीती असते. पाणीरोधक म्हणून विकलेला फोन एकदा उघडला की ते संरक्षण पूर्वीसारखं राहील असं धरून चालू नका.

नवी बॅटरी घेताना तीन गोष्टी पाहिल्या. बॅटरीवरचा मॉडेलचा कोड जुन्या बॅटरीशी अक्षर न अक्षर जुळतो का. तिच्यावर छापलेली निर्मितीची तारीख, कारण बॅटरी न वापरता पडून राहिली तरी म्हातारी होते, चार वर्षं खोक्यात राहिलेली बॅटरी 'नवी' नसते. आणि क्षमता. मूळ बॅटरी ३,००० एमएएचची असेल आणि त्याच आकाराच्या बॅटरीवर कुणी ५,००० छापलं असेल, तर ती सरळ परत करा. बसवल्यानंतर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत टक्के थोडे इकडेतिकडे होतात, फोनच्या मापकाला नव्या बॅटरीची ओळख व्हायला तेवढा वेळ द्यावा.

त्याच संध्याकाळी तीच चाचणी पुन्हा केली. ३८ टक्के, कॅमेरा, टॉर्च. व्होल्टेज ३.८०वरून ३.७१वर आलं आणि तिथेच राहिलं.

आता अडखळणं

बॅटरी बदलली आणि बंद पडणं थांबलं, पण कॉन्टॅक्ट्स उघडायला सात सेकंद लागतच होते. वहीने आधीच सांगितलं होतं की हे दुसरं दुखणं आहे.

रॅम कमी म्हणून फोन हळू, असं सगळे म्हणतात. ते काही अंशी खरं आहे, पण या फोनचा खरा अडसर स्टोरेज होतं. सेटिंग्जमध्ये पाहिलं तर ३२ जीबीपैकी मोकळे जेमतेम ९०० एमबी. फोनमधल्या फ्लॅश मेमरीला, म्हणजे स्टोरेजच्या चिपला, लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं काही लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, मग लिहावं लागतं. मोकळे ब्लॉक भरपूर असतील तर हे काम निवांत होतं. नसतील तर प्रत्येक छोट्या लिखाणासाठी मेमरीला आधी कुठला तरी ब्लॉक रिकामा करावा लागतो, त्यातलं कामाचं दुसरीकडे हलवावं लागतं. सामानाने ठासून भरलेल्या खोलीत एक कपाट सरकवायचं म्हटलं की आधी दहा वस्तू उचलाव्या लागतात, तसंच.

त्यात जुन्या मधल्या किमतीच्या फोनांत ईएमएमसी जातीची मेमरी असते. ती एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते. २०१५पासून महागड्या फोनांत आलेली यूएफएस मेमरी दोन्ही एकत्र करू शकते. आता वहीतली संध्याकाळची नोंद आठवा. वायफाय जोडलं की प्ले स्टोअर दहा अ‍ॅप्सची अपडेट लिहायला घ्यायचं, व्हॉट्सअ‍ॅप दिवसभराचे व्हिडिओ उतरवायचं, आणि आई नेमकी तेव्हाच कुणाला फोन लावायला जायची. कॉन्टॅक्ट्सची यादी वाचायची म्हणजे मेमरीचं लिहिणं थांबण्याची वाट पाहायची. सात सेकंद तिथे जात होते.

इलाज म्हणून पहिल्यांदा जागा मोकळी केली. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजचं पान आहे, तिथे कोणत्या गटाने किती जागा घेतली ते मोठ्यापासून लहानापर्यंत दिसतं. एकाच गटातल्या फॉरवर्ड होऊन आलेल्या व्हिडिओंनी ४ जीबी घेतले होते. आईला विचारून, एकेक दाखवून ते काढले. तिचे स्वतःचे फोटो आधी संगणकावर उतरवले, दुसऱ्या एका डिस्कवर त्यांची प्रत ठेवली, आणि दोन्हीकडे ते उघडताहेत हे पाहून मगच फोनवरून पुसले. मीडिया आपोआप उतरवणं बंद केलं. वर्षभरात एकदाही न उघडलेली अ‍ॅप्स काढली, जी काढता येत नव्हती ती डिसेबल केली आणि त्यांची अपडेट काढून टाकली. मोकळी जागा ९ जीबी झाली. माझ्या अनुभवात एकूण जागेच्या पंधरा-वीस टक्के तरी कायम रिकामी ठेवली तरच असे फोन सरळ चालतात.

दुसरं काम मला महत्त्वाचं वाटतं आणि ते कुणी सांगत नाही. पुसलेली फाइल आपल्याला गेलेली दिसते, पण तिची जागा आता मोकळी आहे हे मेमरीला वेगळं कळवावं लागतं. अँड्रॉइड ४.३पासून, म्हणजे २०१३पासून, फोन हे स्वतः करतो, मात्र चार्जिंगला लावलेला आणि काही वेळ हात न लावलेला असताना. आईने बॅटरीच्या धास्तीने फोन रात्री लावून ठेवणं सोडलं होतं. दिवसा वीस-वीस मिनिटं लावायची, तेही हातात धरून बोलत. त्यामुळे या देखभालीला संधीच मिळत नसावी असा माझा अंदाज आहे. बॅटरीच्या आजाराने मेमरीच्या आजाराला असा हातभार लावला असणार. मोठी सफाई केल्यावर फोन एक-दोन रात्री चार्जरला लावून अगदी स्वस्थ ठेवा, वायफाय चालू असू द्या. आमच्या फोनमध्ये दुसऱ्या सकाळी फरक जाणवला होता.

तिसरं, प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट बंद केलं. आता आठवड्यातून एकदा, झोपण्यापूर्वी, मी स्वतः ते लावतो. फोनची झटपट हालचाल सर्वाधिक सुधारली ती यानेच.

मेमरी कार्डाबद्दल सावध करतो. अँड्रॉइड ६पासून कार्डाला फोनच्या आतल्या स्टोरेजचाच भाग करण्याची सोय आहे. जागा वाढते म्हणून मोह होतो. पण अ‍ॅप्सना हजारो बारीकसारीक तुकडे वाचायचे-लिहायचे असतात आणि साधं कार्ड त्यात फार मागे पडतं. ए१ खूण असलेल्या कार्डाला सेकंदाला किमान १,५०० सुटी वाचनं आणि ५०० सुटी लेखनं जमावी लागतात. ती खूण नसलेलं कार्ड कसं वागेल याचा भरवसा नाही. शिवाय असं जोडलेलं कार्ड त्याच फोनशी बांधलं जातं, ते दुसरीकडे वाचता येत नाही, आणि ते मेलं की त्यावरची अ‍ॅप्सही जातात. कार्ड फोटो, गाणी, व्हिडिओंसाठी ठेवा, अ‍ॅप्स आतच राहू द्या.

रॅमसाठी फार काही करता येत नाही. 'रॅम साफ करणारी' अ‍ॅप्स काढून टाका, ती ज्या अ‍ॅप्सना मारतात ती लगेच पुन्हा उठतात आणि त्या उठण्यात जास्त बॅटरी जाते. एखाद्या अ‍ॅपवर संशय असेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनांत पॉवरच्या मेनूतल्या 'बंद करा'वर बोट धरून ठेवलं की तो पर्याय येतो. त्यात आपण टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. तिथे फोन सुरळीत चालला तर दोषी त्यांच्यातलंच कुणीतरी आहे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये अ‍ॅनिमेशनचा अवधी ०.५ पट केला तर फोन चपळ वाटतो. 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की तो मेनू उघडतो. खरा वेग वाढत नाही, वाट पाहणं कमी होतं, आणि आईसाठी तेवढंही पुरेसं होतं.

अचानक दहा-बारा अ‍ॅप्स एकत्र उघडताच बंद पडायला लागली, तर फोनवर रागावू नका. अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू हा त्यांच्या सगळ्यांच्या पोटातला, वेबपानं दाखवणारा समाईक भाग आहे. मार्च २०२१मध्ये त्याच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातल्या फोनांवर हेच झालं होतं. त्याची अपडेट काढून टाकणं किंवा पुढची घेणं हा उपाय.

जे बदलत नाही

वेबसाइट उघडताना सुरक्षित जोडणी नाही असा इशारा वारंवार येत असेल तर आधी फोनची तारीख पाहा. बॅटरी पार संपून फोन पडून राहिला की घड्याळ मागे जातं, आणि तारीख चुकली की वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं अमान्य ठरतात. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर कारण खोल आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही वेबसाइटना मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था आहे, तिचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१पेक्षा जुन्या फोनांच्या यादीतच नाही. आधी ते एका जुन्या प्रमाणपत्राच्या आधारावर चालत होतं, तो आधार ३० सप्टेंबर २०२४ला संपला. आमचा फोन ७.०, थोडक्यात हुकला. फायरफॉक्ससारखा ब्राउझर स्वतःची प्रमाणपत्रांची यादी बाळगतो, त्यामुळे वाचनासाठी मार्ग निघतो. पण फोनच्या यादीवर विसंबणारी अ‍ॅप्स अडतात.

सुरक्षेची अपडेट येणंही कधीच थांबलं आहे. म्हणून एक गोष्ट मी आईशी बोलून ठरवली: बँकेचं काहीही या फोनवर नाही. ते अ‍ॅप काढलं आणि तिच्या दुसऱ्या फोनवर घेतलं. फोन कितीही छान चालायला लागला तरी इथे मी तडजोड करणार नाही, आणि तुम्हीही करू नका असं कळकळीने सांगतो. लिनिएजओएससारखी, स्वयंसेवकांनी बनवलेली अँड्रॉइडवर आधारित प्रणाली टाकून फोन पुढे नेता येतो, पण त्यासाठी बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं, कुलूप उघडावं लागतं, आणि त्यानंतर काही अ‍ॅप्स चालायला नकार देतात. ज्याला स्वतः सांभाळता येईल त्यानेच ते करावं.

बाकी घडणीच्या बाबतीत हा फोन आजही माझ्या मनातून उतरलेला नाही. ५.२ इंच म्हणजे आईचा अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. १९२० बाय १०८० पिक्सेल एवढ्या स्क्रीनवर अगदी रेखीव दिसतात. एलसीडी असल्यामुळे कायमचे डाग नाहीत, कडांना किंचित पिवळेपणा आला आहे इतकंच. ३.५ मिमीचं हेडफोनचं छिद्र आहे, आणि तिच्या कानाला सवय झालेला तारेचा हेडफोन त्यातच बसतो. नवा फोन घेऊन हे सगळं परत मिळत नाही. वजन, आकार, बटणांची जागा तिच्या हाताला पाठ आहे, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

एक त्रास मध्येच नव्याने उगवला होता. चार्ज होताना पडदा आपोआप टिचक्या खायचा, नको ती अ‍ॅप्स उघडायची. मला वाटलं स्क्रीन गेली. पण चार्जर काढला की सगळं शांत. निकृष्ट चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट टचच्या संवेदनेत मिसळतो तेव्हा असं होतं. दुसरा चांगला चार्जर लावला, त्या दिवसापासून बंद.

बॅटरी बदलून आता पाच महिने झाले, सफाईला जवळपास तेवढेच. या काळात रीसेट केलेला नाही. कॉन्टॅक्ट्स सेकंदभरात उघडतात. वही अजून तिथेच आहे आणि आई तिच्यात आता भलत्याच नोंदी करते. परवा दुपारी फोन कॅमेरा चालू असताना बंद पडला तेव्हा मात्र तिने मला हाक मारली. मी चार्जर लावला आणि पहिल्या आकड्याची वाट पाहिली. २ टक्के. बॅटरी खरोखरच संपली होती.